गर्भ, माता आणि समाज

ऑगस्ट २००८मध्ये ठाणे जिल्ह्यातील भाईंदरच्या एका मातेला मुंबई उच्च न्यायालयाने गर्भपाताची अनुमती नाकारली. गर्भाच्या हृदयात दोष आढळला होता. पण १९७१च्या कायद्यातील २० आठवड्यांची मर्यादा उलटली होती. पुढे तिचा गर्भ नैसर्गिकरीत्या पडला. २०२१च्या दुरुस्तीनुसार वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास कालमर्यादा लागू होत नाही.

गर्भातील जीव पवित्र, ही आपली श्रद्धा. परंतु ते व्रत एकट्या मातेवर लादून समाजाने नामानिराळे राहावे, हा धर्म नव्हे. ‘जन्म दे’ म्हणणाऱ्या ठाणे-डोंबिवलीतील प्रत्येक कुटुंबाने त्या बालकाच्या आजन्म संगोपनात वाटा उचलावा. तेवढी सिद्धता नसेल, तर उपदेश थांबवून मातेच्या निर्णयाचा आदर करावा.