सशाला गाजर नको, गवत द्या!

बग्ज बनीने १९४० पासून गाजर खाऊन दाखवलं आणि आपण सगळे फसलो. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजतात गवत चावूनच. पोटही त्यातल्या तंतूंवरच चालतं. वाटीभर गोळीखाद्य ओतलं तर तो गवताकडे कशाला बघेल? ते हळूहळू कमी करा, गवत त्याच्या शीच्या जागेपाशी ठेवा (ससे खाता खाताच शी करतात, खरंच!).

आमच्या अलिबागकडेही लोक परदेशी टिमोथी गवत मागवतात. मागवा बापडे! पण मला विचाराल तर पावसाळ्यानंतर कापलेलं, फवारणी नसलेलं, कडकडीत वाळलेलं इथलं गवत काय वाईट? नुसता भाताचा पेंढा मात्र निकस. पावसाळ्यात गवताला कुबट वास आला की सरळ फेका. आणि दहा-बारा तास सशाने तोंडच लावलं नाही, तर लगेच डॉक्टर गाठा.