दोन लाखांचं एक बोट

लिफ्ट या शब्दाचे तीन अर्थ मला पूर्वीपासून ठाऊक आहेत. मोठ्या इस्पितळात पेशंटला वरच्या मजल्यावर नेते ती एक. आर्णी नाक्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवून मागतात ती दुसरी. आणि आमच्या कॉलेजच्या दिवसांत मुली आम्हाला जी देत नसत ती तिसरी. चौथा अर्थ या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याने शिकवला. नवी कोरी गाडी आणायची, तिचे चांगले चालणारे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर काढून टाकायचे, त्यांच्या जागी लांब बसवायचे. गाडी दोन इंच वर जाते. याला लिफ्ट म्हणतात. वर गेलेल्या गाडीखाली मूळची चाकं ‘बारकी दिसतात’, म्हणून तीही काढायची, आणि काळ्याभोर अलॉय व्हीलवर तेहतीस इंची टायर चढवायचे. नागपूरच्या एका दुकानदाराने हे सगळं ‘दोन लाखांच्या आत बसवून देतो’ म्हणून सांगितलं आहे. पाचवा टायर, म्हणजे मागच्या दारावरचा जादा, तो हिशेबात धरायला दुकानदार आणि पुतण्या दोघेही विसरले आहेत.

माझा या सगळ्याला विरोध आहे. तो छापून जाहीर करण्याचं कारण इतकंच, की घरात मला मधेच थांबवतात.

गाडी घेतली ती मुळात माझ्या आईसाठी. थोरले बंधू आर्णी तालुक्यात शेतातल्या घरी राहतात आणि आई त्यांच्याकडे असते. वय 84, गुडघे त्याहून मोठे. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत पांदण आहे. उन्हाळ्यात ती रस्त्यासारखी दिसते. मृग लागला की तिचं शेत होतं, आणि श्रावणात तिला काय म्हणावं हे मराठीत अजून ठरलेलं नाही. दर महिन्याला आईला यवतमाळला डॉक्टरकडे आणायचं असतं. तेव्हा घरातली पहिली गाडी घ्यायची तर चारही चाकांनी ओढणारी घ्यावी, असं ठरलं आणि थार आली. इथपर्यंत घरातले सगळेजण शहाणे होते.

आता जरा गणित करू. वाचकहो, भिऊ नका, सातवीचंच आहे. या गाडीच्या टायरवर 255/65 आर 18 असं लिहिलेलं असतं. 255 ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. त्या रुंदीच्या शेकडा 65 इतकी टायरच्या भिंतीची उंची. आणि 18 इंचांची रिंग. गुणाकार-बेरीज केली की चाकाची एकूण उंची निघते 789 मिलिमीटर, म्हणजे 31 इंच. पुतण्याला हवेत ते 285/70 आर 17, ज्याला बाजारात तेहतीस इंची म्हणतात. त्यांची उंची निघते 831 मिलिमीटर. फरक 42 मिलिमीटर. पण चाकाचा मध्य जमिनीपासून अर्ध्यानेच वर जातो, म्हणजे 21 मिलिमीटर. मी फूटपट्टी आणून पुतण्याच्या करंगळीशेजारच्या बोटाला लावून पाहिली. जेमतेम एक बोट.

आणि दोन इंचांची लिफ्ट? तीच तर खरी गंमत आहे. गाडीच्या मागच्या दोन चाकांमध्ये एक अखंड आस असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा लोखंडी गोळा. पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये जो उंचवटा तयार होतो त्याला पहिल्यांदा घासतो तो हा गोळा. लिफ्टने उचलली जाते ती वरची बॉडी. आस आणि गोळा जिथल्या तिथे राहतात, कारण ते चाकाला बांधलेले, स्प्रिंगच्या खाली. लांब स्प्रिंग बसवा, दोन इंच उचला, चार इंच उचला, गच्चीवर नेऊन ठेवा. गोळा एक मिलिमीटरसुद्धा वर येत नाही. पुढची चाकं स्वतंत्र झुलणारी असल्यामुळे तिथे थोडी जागा वाढते, पण आतले दांडे तिरपे होतात आणि त्यांचे सांधे लवकर झिजतात. दोन लाख रुपये देऊन गोळ्याखाली मिळालं काय, तर एक बोट.

“काका, पण लूक पहा ना!” पुतण्या म्हणाला.

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. लूकपुढे सातवीचं गणित चालत नाही.

आमच्या भागात चाकाचा विचार काही काल सुरू झालेला नाही. यवतमाळ जिल्ह्याचं पहिलं रस्ता सोडून चालणारं वाहन म्हणजे बंडी. तिचं चाक कमरेच्या वर यायचं, लोखंडी धाव दोन-तीन बोटं रुंद. सुतार चाक करायचा तो बैल, माती आणि ओझं बघून. चाक बैलांना शोभतं का, असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पुढे डनलॉपच्या टायरची बंडी आली, कापूस जास्त बसू लागला. मग सरकारी जीप आली. महिंद्रांनी विलीज जीप मुंबईत जोडायला घेतल्या त्या 1940 च्या दशकाच्या अखेरीस. तिच्या टायरचं माप 6.00-16, म्हणजे रुंदी अवघी सहा इंच. आजच्या मुलांना तो स्कूटरचा वाटेल. त्या काटकुळ्या चाकांवर मलेरियावाले, कुटुंबनियोजनवाले, निवडणुकीच्या पेट्या आणि वेळप्रसंगी अडलेल्या बाया, सगळं आमच्या खेड्यापाड्यांतून फिरलं. ड्रायव्हर पान लावून बसलेला असे. लिफ्ट तो द्यायचा, घ्यायचा नाही.

मग ती जीप फसत नसे काय? फसायची की! काळ्या मातीत हत्ती फसतो. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसून भेगाळते आणि ओली असताना ज्याला चिकटेल त्याला सोडत नाही. मोठमोठ्या खाचांचे चिखलाचे टायर इथे पहिल्या पन्नास पावलांपुरते शूर असतात. खाचांत माती गच्च भरली की टायर पोळपाटासारखा गुळगुळीत होतो आणि रुंद असला तर अधिकच माती गोळा करतो. यावर जगात एकच इलाज आहे आणि तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्याला वाफसा म्हणतात. पाऊस उघडल्यावर माती पाय टाकण्याजोगी होईपर्यंत थांबायचं. बंधूंकडे पूर्वी बंडी हाकणारे एक म्हातारे धुरकरी आहेत. पुतण्याने त्यांना मोबाइलवर उचललेल्या गाडीची फिल्म दाखवली. ती त्यांनी शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाले, “कायले उच्ची करता जी? वाफसा येऊ द्या ना, आहे तशीच जाते.”

विरोधी पक्षाचीही बाजू मांडली पाहिजे, नाहीतर संपादक म्हणतील एकांगी लिहिता. रुंद टायर वाळूत खरोखर कामाचा आहे. पैनगंगेच्या कोरड्या पात्रात हवा कमी करून गेलात तर तो वाळूवर पसरतो आणि बुडत नाही. आइसलंडमध्ये बर्फावर 38 इंची आणि त्याहून मोठे टायर लावून, हवा अगदी नावापुरती ठेवून लोक हिमनद्या ओलांडतात. तिथे मी काही बोलणार नाही. पण घाटंजी-आर्णीकडे बर्फ मी फक्त रसवंतीत पाहिला आहे. शिवाय आमचा पुतण्या वर्षातले साडेअकरा महिने नागपूर-तुळजापूर हमरस्त्यावर असतो. त्या गुळगुळीत रस्त्यावर चिखलाचे टायर पहाटेच्या जात्यासारखे घुमतात, डिझेल जास्त पितात आणि ओल्या डांबरावर ब्रेक उशिरा लागतो. चाक मोठं झालं की तेवढ्याच अंतरात ते कमी वेळा फिरतं. काटा आज अचूक असेल तर उद्या तो 60 दाखवील तेव्हा गाडी 63 ने धावत असेल. अलॉय व्हील देखणं खरं, पण लोखंडी रिंग खड्ड्यात वाकली तर नाक्यावरचा मिस्त्री हातोडीने सरळ करून देतो. अलॉयला चीर गेली की तो हात जोडतो.

कायद्याचंही एक आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की नोंदणीच्या पुस्तकातला तपशील कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. एम.एच. 29 पाटीची गाडी उद्या कुठे आपटली तर विमावाला पहिल्यांदा टायर मोजेल. हे पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, “सगळेच करतात, काका.” हे वाक्य मी आजवर अनेक लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि पुढे त्यातले बरेचजण तारखांना जातात.

पण माझं खरं भांडण याहून वेगळं आहे. उंच गाडी माणसाला खोटं धैर्य देते. या जिल्ह्यात नाला हा वर्षातले दहा महिने चेष्टेचा विषय असतो आणि उरलेल्या दोन महिन्यांत माणसं नेतो. 28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी. वाहून गेली. माणसं दगावली. एस.टी.चं चाक कुठल्याही तेहतीस इंची टायरपेक्षा मोठं आणि वजन थारच्या कितीतरी पट. अमेरिकेचं हवामान खातं सांगतं, की वाहतं पाणी दोन फूट असलं तरी बहुतेक गाड्या वाहून न्यायला पुरतं, त्यात असल्या दांडग्या गाड्याही आल्या. शिवाय टायर म्हणजे हवेने भरलेला ट्यूब-वजा फुगाच. जितका मोठा, तितका पाण्यात तरंगायला उत्सुक. कारखाना म्हणतो की ही गाडी 650 मिलिमीटर पाण्यातून जाते. ते पाणी उभं असेल तर. पुरात पाणी उभं राहत नाही, आणि पुलाचा कठडा शिल्लक आहे की नाही हे गढूळ पाण्यात दिसत नाही. गाडी बुटकी असली तर माणूस काठावर थांबतो, बिडी ओढतो, पाणी ओसरलं की जातो. उंच असली की त्याला वाटतं, आपण तर दोन लाख भरलेले आहेत.

पुतण्या म्हणतो, मी काही वेडा नाही, मी पुरात घालणार नाही. मग लिफ्ट कशाला, या माझ्या प्रश्नावर तो जेवायला उठतो.

आणि आई? थारमध्ये ती आजही स्वतः चढू शकत नाही. आधी पाट, पाटावरून पायरी, बंधू मागून, वहिनी पुढून, आणि मी बाजूला उभा राहून सूचना देणारा, असा तो समारंभ असतो. दोन इंच लिफ्ट आणि एक बोट टायर मिळून तीन इंचांच्या जवळपास वाढले की पाटावर पाट ठेवावा लागेल. मी हे आईच्या कानावर घातलं. ती म्हणाली, “मग मले बंडीतच न्या रे बाप्पा, तिच्यात मागून बसता येते.” पावसात, रात्री, दम लागलेला असताना हा समारंभ कसा पार पडेल याचा विचार नागपूरच्या दुकानदाराने करावा अशी अपेक्षा नाही. त्याच्याकडे कुणी आई घेऊन जात नाही.

माझं म्हणणं असं, की पहिली गाडी निदान एक पावसाळा आहे तशी चालवावी. कुठे घासते, कुठे फसते, ते गाडीच सांगेल. टायर झिजले की त्याच मापाचे, जरा खोल खाचांचे, डांबर आणि माती दोन्हींना चालणारे घ्यावेत. हवा मोजायचा गेज, हवा भरायचा छोटा पंप, ओढायला मजबूत पट्टा आणि एक फावडं ठेवावं. मऊ जमिनीवर हवा तीसच्या आसपास असते ती वीसवर आणली की टायर लांबट पसरतो आणि त्याचा उपयोग त्या एका बोटापेक्षा जास्त होतो, तोही फुकट. डांबरावर आलं की परत भरायची. हे सगळं वीस हजारांच्या आत होतं.

उरलेल्या पैशांचं काय करायचं तेही मी सांगितलं आहे. पांदण उचला. दोन्ही बाजूंना चर काढून पाणी वाटेला लावा आणि सगळ्यात वाईट शे-दीडशे पावलांवर मुरूम टाका. शेतरस्त्यांसाठी सरकारची 2021 ची मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आहे, पण आमच्या पांदणीचा हातभर भाग दोघा शेजाऱ्यांनी दरवर्षी एकेक तास नांगरून आपापल्या धुऱ्यात घेतलेला आहे, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. तोवर मुरूम आपलाच. तो बंडीला चालेल, ट्रॅक्टरला चालेल, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या पायांना चालेल.

“मुरमाचा फोटो कसला टाकू?” पुतण्याने विचारलं.

मी म्हटलं, मुरमावर उभ्या गाडीचा टाक, आजीला पुढच्या सीटवर बसवून.

तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी बंधूंना एका ट्रॅक्टर-ट्रॉलीत किती ब्रास मुरूम बसतो असं विचारत होता म्हणे. मी भाव काढून ठेवला आहे. खाणीवाला म्हणतो, पेरणीआधी हवा असेल तर या आठवड्यात सांगा, नाहीतर दिवाळीनंतर.