शिकवणी दुकानातच हवी

डॉक्टर सांगतात, ‘मीठ कमी करा.’ बोईसरचा कामगार वरून मीठ घेणे बंद करतो आणि पगाराच्या आठवड्यात पापड, लोणचे, फरसाण, नूडल्स पिशवीत भरतो. सल्ला दवाखान्यात मिळतो, निर्णय मात्र दुकानात होतो.

अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठाच्या ‘सुपरविन’ अभ्यासात नेमके हेच हेरले गेले. २४७ जण त्यात होते. काहींना आहारतज्ज्ञांनी सुपरमार्केटमध्येच, त्यांच्या खरेदीची नोंद पाहून शिकवले. एकदाच सल्ला मिळालेल्यांपेक्षा या मंडळींचा आहार हृदयाला अधिक मानवणारा झाला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे पाकिटावर मिठाऐवजी ‘सोडियम’ लिहितात, तेही बहुधा बारीक इंग्रजीत. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण एक ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. त्यात आकडा १०० ग्रॅमचा आणि पाकीट २०० ग्रॅमचे! हा हिशेब पाकीट हातात असतानाच डोक्यात शिरतो.

सुट्या फरसाणाला, खारवलेल्या सुक्या मासळीला तर लेबलच नाही. म्हणून ही शिकवणी चकचकीत मार्टपुरती न राहता किराणा दुकानातही यावी. तारापूर एमआयडीसीची शिफ्ट सुटताना मराठी-हिंदी बोलणारा आहारतज्ज्ञ दोन तास उभा राहिला तरी पुष्कळ. मानधन कारखान्यांच्या सीएसआर निधीतून निघू शकते. जागेची सबब दुकानदारांनी सांगू नये; कोल्ड्रिंकच्या फ्रीजला दारातच जागा मिळते.