बंद कारखाना आणि विद्यापीठाचा उंबरठा

कशेडी घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या पोलादपूर-महाडच्या गावांना गिरण्यांचा इतिहास ग्रंथांतून शिकावा लागला नाही. येथील अनेक घरांतील कर्ती माणसे लालबाग-परळच्या साच्यांवर राबली, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांतील कित्येक रिकाम्या हातांनी गावी परतली.

गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले, हे सर्वविदित आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांचा एकेक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक घरबांधणीसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या भूखंडापुरतीच उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. गिरण्यांच्या जागी बाजार व कचेऱ्या उभ्या राहिल्या. विद्येच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

हे अटळ होते असे मात्र नाही. फिलाडेल्फियात ड्यूपाँ कंपनीची रंगसंशोधनाची जुनी वास्तू पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१० मध्ये घेतली आणि २०१६ मध्ये तेथे नवोद्योगांचे केंद्र उघडले.

रायगड जिल्ह्यात या प्रयोगाला लागणारी सामग्री शेजारी-शेजारी आहे. महाडला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, तर लोणेरे येथे १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात; म्हणजेच जमीन सार्वजनिकच राहते. तेव्हा बंद पडलेल्या कारखान्याची वास्तू नव्या खरेदीदाराकडे जाण्यापूर्वी विद्यापीठास देऊ करावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

अर्थात, रसायने मुरलेली जमीन विद्यार्थ्यांच्या पायाखाली देता येणार नाही. ती निर्धोक करण्याचा भार जुन्या भाडेपट्टेदाराने उचलला पाहिजे. याहून महत्त्वाची अट प्रवेशाची आहे. त्या छपराखाली केवळ पदवीधरांनी भांडवलदारांची वाट पाहत बसावयाचे असेल, तर परळचीच पुनरावृत्ती होईल. यंत्राचा आवाज ऐकून त्याचा बिघाड ओळखणारा फिटर, बॉयलर सांभाळणारा कामगार आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलगा यांचे तेथील स्थान करारातच लिहिले गेले पाहिजे.

सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर कृतीने सांगितले गेले. ज्यांनी ते सांगितले त्यांचेच नाव या विद्यापीठाला आहे. सार्वजनिक जमिनीवर उभ्या राहणाऱ्या विद्येला निराळा न्याय कसा लावता येईल?