चेहऱ्याचा घसारा



आमच्या भिशीतली एक ताई मुलाच्या लग्नाआधी नागपूरला जाऊन ‘फेसलिफ्ट’ करून घ्यायचं म्हणतेय. का, तर घरात कुणीतरी म्हणालं, ‘आई फोटोत फार म्हातारी दिसते.’

ही काही पार्लरची गोष्ट नाही. कानापुढून-मागून कापतात, कातडी सोडवतात, खालचा थर ओढून टाक्यांनी आवळतात आणि उरलेली कातडी कापून टाकतात. आत रक्त साकळू शकतं. नसेला इजा झाली तर तोंड वाकडं होऊ शकतं. एवढं करून वय थांबत नाही, काही वर्षांनी चेहरा पुन्हा सैल. मी बी.कॉम. बाई, मला तर हे जुन्या यंत्राला रंग देऊन घसारा लपवण्यासारखं वाटतं.

शस्त्रक्रियाच वाईट, असं नाही. कुष्ठरोगात गाठी ओसरल्यावर तरुणाचीही कातडी म्हाताऱ्यासारखी लोंबते. मुंबईच्या डॉ. नोशीर अंतियांनी कुष्ठरुग्णांचे चेहरे दुरुस्त केले. वरोऱ्याचं आनंदवन आमच्या वणीहून फार लांब नाही, तेव्हा चेहरा पाहून माणसाला कसं दूर सारतात हे आपल्या भागाला सांगायला नको. त्यांच्यासाठी ती शस्त्रक्रिया म्हणजे पुन्हा माणसांत येणं.

ताईला कुणी दूर सारलं? घरच्यांनीच! चातुर्मासात सनत्कुमार चक्रवर्तीच्या रूपगर्वाची कथा ऐकायची, अशुचि भावना म्हणायची, आणि घरी येऊन आईच्या सुरकुत्या मोजायच्या?

ते वाक्य आधी मागे घ्या. ताईला मी सांगितलंय, लग्नाच्या फोटोत मी तुझ्या शेजारी उभी राहणार, पांढऱ्या केसांनी, अगदी मधोमध.