प्रवाशाची भूक आणि काटकसरीचा उपदेश

अल्प खर्चात प्रवास कसा करावा याविषयीच्या लेखनात एक मत इतक्या वेळा आणि इतक्या निश्चिंतपणे मांडले जाते की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ते मत असे, की प्रवासात खाण्यावर होणारा खर्च हा प्रवाशाच्या जिभेच्या चोचल्यांचा परिणाम असून, घरून शिदोरी बांधून नेली, हॉटेलची पायरी टाळली आणि अगदीच वेळ आली तर गाड्यावरच्या नाश्त्यावर भागवले, म्हणजे तुटपुंज्या पैशांतही माणूस सुखाने जाऊन येतो. प्रतिपक्षाचे जे म्हणणे खंडनाआधी प्रामाणिकपणे मांडावयाचे असते, त्याला वादशास्त्रात पूर्वपक्ष म्हणतात. प्रस्तुत लेखाचा पूर्वपक्ष हाच. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. परंतु ज्या प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून तो मांडला जातो तो हौसेने हिंडणारा, सवडीने निघणारा आणि वाटल्यास बेत रद्द करू शकणारा असतो, आणि महाराष्ट्रातील गरीब प्रवासी बहुतांशी तसा नसतो.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या कापडासाठी, म्हणजे ऐन आणि अर्जुन यांच्या झाडांवर पोसल्या जाणाऱ्या रानकिड्याच्या रेशमापासून विणलेल्या कापडासाठी, ओळखले जाणारे विणकरांचे गाव आहे. येथून बाहेर पडणारा माणूस सूत किंवा कापड घेऊन निघतो, भंडाऱ्याच्या कचेरीत कागदासाठी खेटे घालतो, किंवा आजारी माणसाला घेऊन आधी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आणि तेथून पुढे सुमारे 60 किलोमीटरवरच्या नागपूरला ‘मेडिकल’ अथवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत जातो. या प्रवासाची तारीख आणि वेळ साहेब, डॉक्टर किंवा व्यापारी ठरवतो आणि परतीचा दिवस तर पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसतो. शिवाय एसटीच्या भाड्यात महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मी सवलत मिळाली, 75 वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास त्याआधीच, 2022 मध्ये, मोफत झाला. त्यामुळे अशा कुटुंबाच्या एकूण खर्चात भाड्याचा वाटा घटला आणि खाण्यापिण्याचा वाटा आपोआप मोठा झाला. प्रवास स्वस्त करणाऱ्या शासनाने प्रवाशाच्या पोटाचा विचार तितक्या नेटाने केलेला नाही, आणि ही उणीव काटकसरीच्या उपदेशाने झाकली जाते.

आता शिदोरीचा विचार करू. शिदोरीचे गोडवे गाणारे लेखन प्रायः भाकरीच्या मुलखातले आहे, आणि ज्वारीची कडक भाकरी, लसणाची चटणी, किंवा पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली आणि म्हणून अधिक टिकणारी दशमी ही त्याची उदाहरणे असतात. भंडारा हा धानाचा, तलावांचा जिल्हा आहे. येथे पोटभर जेवण म्हणजे भात. भातात पाण्याचा अंश फार असतो आणि तांदळावर असणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे उकळूनही न मरणारी त्यांची सुप्त रूपे, उबदार हवेत पुन्हा वाढू लागतात. म्हणून पूर्व विदर्भातल्या मे महिन्यात, पारा 44-45 अंशांवर असताना, पहाटे डब्यात भरलेला भात दुपारी खाणे ही काटकसर नसून दुखणे ओढवून घेणे आहे. तिखटमीठ लावलेल्या पोळ्या नेता येतात, नेल्याही जातात, पण भातावर वाढलेल्या माणसाचे त्यांनी भागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मुक्काम पडला की डबा रिकामाच असतो. या भागातली खरी प्रवासी शिदोरी मुर्रा (म्हणजे कुरमुरे), फुटाणे आणि फल्लीदाणे (म्हणजे शेंगदाणे) हीच म्हणावी लागेल. ती कोरडी असल्याने नासत नाही. शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसिन या घटकाची जी उणीव असते ती हरभरा भरून काढतो आणि हरभऱ्यातील मिथिओनिनची उणीव तांदूळ भरून काढतो, त्यामुळे मूठभर मुर्रा-फुटाण्यांचे पोषणमूल्य त्यांच्या किमतीच्या मानाने चांगलेच ठरते. तथापि हा आधार झाला, जेवण नव्हे; आणि तोही पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही.

पाण्याचा हा मुद्दा शिदोरीच्या स्मरणरंजनात हमखास गाळला जातो. 1901 साली मसूर स्थानकावर उतरून बैलगाडीने वडिलांकडे निघालेल्या बाल भीमराव आंबेडकरांनी आणि त्यांच्या भाऊ-भाच्यांनी बरोबर खाद्यपदार्थ घेतले होते, पण जात कळल्यावर वाटेत पाणी मिळाले नाही, आणि पाण्यावाचून खाता येईना म्हणून ती मुले भरल्या डब्याजवळ उपाशी झोपली. ही हकिकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. शिदोरी ही जुन्या काळची सात्त्विक काटकसर होती असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात : एक, ती अनेकांच्या बाबतीत सोवळ्याओवळ्यापोटी होती, कारण परक्याच्या हातचे चालत नव्हते, दुसरी, ज्याच्या हातचे कोणालाच चालत नव्हते त्याला ती असूनही उपयोगी पडली नाही. आज जातीच्या जागी बाटली आली आहे. एक लिटर पाण्याची बाटली बाजारात साधारण 20 रुपयांना मिळते आणि शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या शिवभोजन थाळीचा दर 10 रुपये आहे. म्हणजे ज्या राज्यात प्रवाशाचे पाणी त्याच्या जेवणाच्या दुप्पट किमतीला विकले जाते, तेथे प्रवाशाला उधळ्या म्हणणे अन्यायाचे आहे.

शिदोरी फुकट पडते हा हिशेबही खोटा आहे, कारण पहाटेच्या एसटीसाठी रात्री तीनला उठून चूल किंवा गॅस पेटवणाऱ्या बाईची मजुरी त्यात धरलेली नसते. त्या मजुरीला किंमत आहे हे मुंबईच्या गिरणगावात सिद्ध झाले होते. गिरणी कामगारांना माफक दरात जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, आणि घरात ज्या श्रमाची दखल कोणी घेतली नाही त्यालाच बँकेचे कर्ज मिळू लागले.

राहिला नाश्ता. आलूबोंडा किंवा तर्री-पोहे स्वस्त आहेत हे एका प्लेटपुरते खरे आहे. परंतु सकाळी पोहे, अकराला चहा, एकला बोंडा, चारला पुन्हा चहा-समोसा आणि मध्ये पाण्याची बाटली असा दवाखान्याच्या दारातला दिवस मोजला, तर भात, वरण, भाजी आणि पोळी असलेल्या साध्या खानावळीच्या ताटाएवढे पैसे जातात आणि संध्याकाळी पोटात तेल व मैदा यांखेरीज काही राहत नाही. एसटीच्या अधिकृत खासगी थांब्यांवर 30 रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना आहे, ती चांगलीच आहे. पण ती लांब पल्ल्याच्या गाडीसाठी, आणि भंडारा-तुमसर मार्गावरच्या लहान फेरीतला प्रवासी अशा थांब्यावर उतरतच नाही. रेल्वेने 2023 मध्ये निवडक स्थानकांवर सात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचे 20 रुपयांत द्यायला सुरुवात केली, त्यातली विशेष समज अशी की विक्रीची टपरी सर्वसाधारण डब्यांसमोर आणली गेली. गरीब प्रवासी जेथे उभा असतो तेथे अन्न नेले पाहिजे, ही साधी गोष्ट इतरांना अजून उमजायची आहे.

येथे दुसऱ्या टोकाचा आक्षेपक उभा राहतो. त्याच्या मते सरकारने स्वस्त थाळी देणे म्हणजे लोकांना फुकटेपणाची सवय लावणे होय, आणि पुराव्यादाखल तो 1995 च्या एक रुपयाच्या झुणका-भाकर केंद्रांची दुर्दशा दाखवतो. ती योजना फसली हे मान्य केले पाहिजे; परंतु ती गरिबाने फसवली नाही, एका रुपयात ताट परवडणार नाही हे आकड्यांतच लिहिलेले असल्याने केंद्रचालकाला दुसरा धंदा शोधावा लागला म्हणून ती फसली. 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेने निदान हा धडा घेतला आणि शहरात 50, ग्रामीण भागात 35 रुपये अशी थाळीची किंमत गृहीत धरून ग्राहकाच्या 10 रुपयांवरची रक्कम शासनाने द्यावी असे ठरवले. दहा रुपये मोजून जेवणारा माणूस फुकट्या, आणि करसवलतीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या हॉटेलात जेवणारा मात्र स्वाभिमानी, हा न्याय कोणत्या तराजूत बसतो?

तरीही या थाळीचे समर्थक तिला पुरेशी म्हणतात तेव्हा तेही चुकतात. तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण आणि 150 ग्रॅम भात हे मूळ प्रमाण. शिजलेला 150 ग्रॅम भात म्हणजे पन्नासेक ग्रॅम तांदूळ, आणि धानपट्ट्यातल्या कष्टकऱ्याला एवढा भात म्हणजे वाढणाऱ्याने हात आखडल्यासारखे वाटते. मूळ वेळ दुपारी 12 ते 2 ही. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतून, म्हणजे ओपीडीतून, माणूस नेमका त्याच वेळी सुटत नाही, आणि रात्री तर योजनेचा दरवाजा बंदच असतो. योजना बसून राहणाऱ्या गरिबासाठी आखली गेली आणि चालत्या गरिबाचा तीत विसर पडला, हा तिच्यातला खरा दोष आहे.

या प्रश्नाचे उत्तर विदर्भातल्याच एका माणसाने फार पूर्वी कृतीने दिले होते. गाडगेबाबांनी देवळे बांधली नाहीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, म्हणजे परगावी अडकलेल्या माणसाला टेकायला जागा, पाणी आणि स्वयंपाकाची सोय दिली. स्वस्त खाणे हा प्रवाशाच्या संयमाचा प्रश्न त्यांनी मानला नाही, तो त्यांनी व्यवस्थेचा मानला, आणि हाच प्रस्तुत लेखाचा उत्तरपक्ष, म्हणजे पूर्वपक्षाला उत्तर, आहे. घरून मुर्रा-फुटाणे न्यावेत, नाश्त्याच्या दोन फेऱ्यांऐवजी एक ताट जेवावे, हा सल्ला आंधळगावच्या विणकराला कोणी देण्याची आवश्यकता नाही. तो त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

सल्ला द्यावयाचा तो जिल्हा प्रशासनाला आणि एसटी महामंडळाला दिला पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या बसस्थानकावर आणि जिल्हा रुग्णालयाच्या आवारात पिण्याच्या पाण्याचा चालू नळ असावा. महिला बचत गटांना तेथे जेवणाची खिडकी रीतसर भाड्याने द्यावी. ती सकाळी पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत उघडी राहावी. दराची पाटी मराठीत ठळक लावावी. धानपट्ट्यात भाताचे प्रमाण दुप्पट करावे. आणि अनुदानाचे पैसे चालकाला महिन्याच्या महिन्याला मिळावेत, कारण ते थकले की सर्वांत आधी वरण पातळ होते.