'गेट'ला 'ऑब्टेन' करायची घाई



सहावीच्या वह्या तपासत होतो. विषय 'माझी सकाळ', इंग्रजीत पाच वाक्यं. एका वहीत पहिलंच वाक्य होतं, 'आय ऑब्टेन अप अ‍ॅट सिक्स ओ'क्लॉक.' मला हसू आलं. पुढच्या वहीत 'माय मदर अ‍ॅक्वायर्ड अँग्री.' त्याच्या पुढच्या वहीतला भाऊ पावसात 'रिसीव्ह्ड वेट'. तोवर हसू मावळलं होतं, कारण हे कुठून आलं ते आठवलं. आठवडाभर आधी मीच फळ्यावर तक्ता काढून दिला होता. गेट म्हणजे ऑब्टेन, रिसीव्ह, अ‍ॅक्वायर, प्रोक्युअर. वर हेही सांगितलं होतं की 'गेट' अगदीच साधा शब्द आहे, पेपरात जरा वजनदार शब्द वापरत जा. मुलांनी सर म्हणाले तसं केलं, बिचाऱ्यांचं काय चुकलं?

खरी टोचली ती आणखी एक वही. त्या मुलीने पहिल्या सहामाहीत लिहिलं होतं, 'माय आजी गेट्स मी रेडी फॉर स्कूल.' आजी मला शाळेसाठी तयार करते. वाक्य अस्सल इंग्रजी आहे. कार्टून बघून उचललं असेल, कुठून का असेना. मी त्या 'गेट्स'वर लाल रेघ मारून वर 'प्रिपेअर्स' लिहिलं होतं. या वेळी तिच्या वहीत आजीच नव्हती. गाईडमधली पाच वाक्यं होती, दात घासणे, आंघोळ करणे, देवाला नमस्कार करणे. स्पेलिंगची एकही चूक नाही. शेरा लिहायला पेन उचललं आणि तसंच ठेवून दिलं.

तेव्हापासून माझं मत बनत गेलं ते सांगतो. पटलं नाही तर जरूर वाद घाला. 'गेट'सारख्या शब्दाला समानार्थी शब्दांचा तक्ता देणं बंद करावं, आणि मुलाने निबंधात 'गॉट' लिहिलं म्हणून गुण कापू नयेत.

आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहावीतलं मूल पाच वर्षं हा शब्द ऐकत आलेलं असतं. तरी पाठ काय असतं? 'गेट म्हणजे मिळणे.' मग 'गेट अप' आलं की मूल गोंधळतं. 'गेट अँग्री'त राग कुणाला मिळतो? 'गेट होम'मध्ये घर कुणाला मिळतं? आणि 'आय डिडन्ट गेट इट' म्हणजे मला ते मिळालं नाही की समजलं नाही? (दोन्ही बरोबर. कुठे म्हटलंय त्यावर अवलंबून.)

यावर आपण म्हणतो, इंग्रजी भाषाच विचित्र. पण जरा आपल्या 'लागणे'कडे बघा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते. नोकरी लागते आणि निकालही लागतो. डोळा लागतो म्हणजे झोप येते, आणि पोराला दृष्ट लागते ती वेगळीच. फोन लागत नाही. घाटात बस लागते. झाडाला आंबे लागतात, भाजी खारट लागते, वेळ लागतो, पैसे लागतात. तो माझा मामा लागतो. मला जावं लागलं आणि मी जायला लागलो, या दोन वाक्यांत केवढा फरक! मूळ संस्कृत धातू 'लग्', म्हणजे चिकटणे. आपलं 'लग्न'सुद्धा त्याच धातूतून आलंय. मोल्सवर्थच्या 1857 च्या आवृत्तीत ही नोंद काढून बघा, एकामागून एक क्रमांक घालून अर्थ दिलेत. आपल्या पहिलीच्या पोराला यातलं काहीही शिकवावं लागलं नाही (हे आणखी एक 'लागलं'!). त्याने 'लागणे'चा अर्थ कधी पाठ केला नाही. भूक लागली हे ऐकलं, ठेच लागली हे अनुभवलं. शब्द त्याला सोबत्यांसकट मिळाला. 'गेट'च्या वेळी मात्र आपण सोबती तोडून एकटा शब्द त्याच्या हातात देतो आणि वर 'मिळणे' अशी चिठ्ठी चिकटवतो.

आता समानार्थी शब्दांबद्दल. पाण्याला जल, नीर, उदक, जीवन, तोय हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. पण खेळून आलेलं पोर 'आई, एक ग्लास उदक दे' म्हणालं तर आई त्याच्या कपाळाला हात लावून बघेल. 'आजीकडून मला लाडू प्राप्त झाला' हे व्याकरणात बसतं, तोंडात बसत नाही. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर 'प्राप्त गुण' छापलेलं असतं, तरी घरी येऊन ते 'ऐंशी मिळाले' असंच सांगतं. इंग्रजी गुणपत्रिकेवरचं 'मार्क्स ऑब्टेन्ड' नेमकं तसंच आहे. 'गेट' हा नॉर्स लोकांच्या बोलीतून इंग्रजीत आला. समुद्र ओलांडून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेली ती माणसं, शेजारपाजारच्या व्यवहारातला शब्द. 'ऑब्टेन', 'अ‍ॅक्वायर', 'रिसीव्ह' आले लॅटिन-फ्रेंचकडून. त्या भाषा दरबारात आणि चर्चमध्ये चालत. म्हणून परवानगी 'ऑब्टेन' करतात, जमीन किंवा सवय 'अ‍ॅक्वायर' करतात, पत्र 'रिसीव्ह' होतं. मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना हे शब्द हवेतच, जोड्या लावा प्रश्नातही चालतील. पण आजीने तयार केलं हे सांगताना नकोत. वजनदार शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी, हा समज कुठून आला कोण जाणे, पण तो पसरवण्यात माझाही वाटा आहे.

सध्या वर्गात तक्त्याऐवजी कपाटाचे खण काढतो. 'गेट'नंतर वेट, टायर्ड, अँग्री, रेडी आलं की 'होणे'चा खण. भिजणे, दमणे, चिडणे, तयार होणे. नंतर वस्तू आली की मिळणे किंवा आणून देणे. ठिकाण आलं की पोहोचणे. अप, ऑन, ऑफ, आउट आलं की अंगाची हालचाल. उठा, चढा, उतरा, बाहेर व्हा. मुलं वाक्यं आणतात आणि कुठल्या खणात टाकायचं यावर भांडतात. 'गेट अ हेअरकट' कुठे टाकायचं यावर एक अख्खा तास गेला. शेवटी एकाने नवा खण मागितला, 'करून घेणे'. अभ्यासक्रम थोडा मागे पडला, हे मान्य करतो.

पालकसभेत एका आईने विचारलं, 'सर, मी दहावीपर्यंत मराठीत शिकले, घरी याला गेटचा अर्थ काय सांगू?' म्हटलं, ताई, अर्थ सांगूच नका. सगळं वाक्य वाचायला लावा आणि विचारा, हेच तू मला मराठीत कसं सांगशील? ते तुम्हाला नक्की तपासता येईल. रोज दहा शब्दांचं पाठांतर घेणाऱ्या पालकांना हे फारसं रुचलं नाही. एक गृहस्थ म्हणालेच, मग स्पर्धा परीक्षेत कसं व्हायचं? त्या परीक्षेपुरतं पाठ करा की, कोण नको म्हणतंय.

त्या मुलीची जुनी वही मागवून घेतली. वर्गासमोर सांगितलं की ही रेघ माझी चुकली होती. ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात तिने लिहिलं, 'माय आजी गॉट सिक. आय गॉट हर वॉटर.' पहिलं 'गॉट' आजारी पडली, दुसरं आणून दिलं. 'आजी'चं 'ग्रँडमदर' करायचं तिच्याकडून याही वेळी राहिलं होतं. मी तसंच राहू दिलं.